अडीच वर्षांचा फोन: चार्जिंग मंद, बॅटरी संध्याकाळी संपते, फोन अडखळतो. बॅटरी बदलू की फोनच?

निळीशाई (प्रश्न)

फोन मिड-रेंज, वय अडीच वर्षं. ६ जीबी रॅम, १२८ जीबी स्टोरेज, ५००० एमएएच बॅटरी, सोबत आलेला ३३ वॉटचा चार्जर. दोन सिम, त्यातलं दुसरं बरेच महिने रिचार्ज केलेलं नाही. बॅक कव्हर सपाट आहे, स्क्रीनवर तडा किंवा रेघ नाही.

तक्रारी तीन.

एक, फास्ट चार्जिंगची खूण येत नाही. पूर्वी जवळजवळ रिकामा फोन सव्वा तासात भरायचा, आता सव्वादोन तास लागतात. चार्जर तोच, केबल मात्र बदललेली.

दोन, सकाळी १०० टक्क्यांवर काढलेला फोन संध्याकाळी सहापर्यंत १५ वर येतो. वापर साधा: व्हॉट्सॲप, यूपीआय, थोडा यूट्यूब, फोन कॉल. कधीकधी १८ टक्क्यांवर कॅमेरा उघडला की फोन थेट बंद पडतो.

तीन, कीबोर्ड उशिरा उघडतो आणि यूपीआय ॲपमध्ये पिनचा चौकोन यायला पाच-सहा सेकंद जातात. स्टोरेजमध्ये ९ जीबी जागा उरली आहे.

दुकानदार म्हणतो, बॅटरी गेली, नवा फोनच घ्या. बॅटरी बदलून या तिन्ही गोष्टी सुटतील का? आणि बॅटरीच गेली आहे हे घरच्या घरी कसं ठरवायचं?

सोल्डरगन

या तीन तक्रारींची कारणं बहुधा वेगवेगळी आहेत. नवी बॅटरी टाकली तर दुसरी बरीचशी सुटेल. पहिली सुटेलच असं नाही, आणि तिसरीचा बॅटरीशी संबंध फारच थोडा.

चार्जिंगचं गणित तुमच्याच आकड्यांवरून मांडू. ५००० एमएएच गुणिले ३.८७ व्होल्ट म्हणजे साधारण १९.३ वॉट-तास. फास्ट चार्जिंग लागलं नाही की फोन सहसा १० वॉटच्या आसपास घेतो. त्यातला थोडा भाग उष्णतेत जातो, बॅटरीपर्यंत साडेआठ पोचतात. शेवटचे १०-१५ टक्के मुद्दाम सावकाश भरले जातात, तो वेळ धरला तर नव्या बॅटरीला १० वॉटवर पावणेतीन तास लागले असते. तुम्हाला सव्वादोन लागतात. याचा अर्थ नळही (फोनला मिळणारी वीज) बारीक झालाय आणि भांडंही (बॅटरीची क्षमता) लहान झालंय. दोन्ही एकदम झालंय, म्हणून दुकानदाराला एकच रोग दिसतो.

आधी नळ बघा, कारण तो फुकटात सुटू शकतो.

पहिला संशय केबलवर. बहुतेक मिड-रेंज फोनचं फास्ट चार्जिंग त्या-त्या कंपनीच्या स्वतःच्या पद्धतीचं असतं. चार्जर आणि फोन आधी एकमेकांची ओळख पटवतात, मग व्होल्टेज वाढतं. त्यासाठी अनेक कंपन्यांच्या केबलमध्ये नेहमीपेक्षा एक जास्तीची पिन किंवा वेगळी जोडणी असते. साधी टाइप-सी केबल लावली की ओळख पटत नाही आणि फोन निमूटपणे १० वॉटवर येतो. चार्जरवर अगदी बारीक अक्षरांत ‘आउटपुट’ लिहिलेलं असतं ते भिंगातून वाचा. ५ व्होल्ट ३ अँपिअर, ९ व्होल्ट ३ अँपिअर, ११ व्होल्ट ३ अँपिअर अशा जोड्या दिसतील. ३३ वॉट हे त्यातल्या शेवटच्या जोडीचे, आणि तिथपर्यंत मूळ किंवा त्याच दर्जाच्या केबलनेच पोचता येतं. लॅपटॉपचा ६५ वॉटचा चार्जर लावूनही असा फोन १० ते १८ वॉटच घेताना दिसतो, त्याचं कारणही हेच. चार्जरवरचा मोठा आकडा फोनला उपयोगी पडतोच असं नाही.

दुसरा संशय पोर्टवर. अडीच वर्षं खिशात राहिलेल्या फोनच्या पोर्टच्या तळाशी कपड्याची लव दाबून बसते. केबल रोज तिला आणखी आत ठोकते आणि शेवटी करड्या नमद्यासारखा घट्ट थर होतो. वरून बघितलं तर पोर्ट स्वच्छ वाटतो, कारण तो थर पोर्टच्या तळासारखाच दिसतो. ओळखायची खूण अशी: कव्हर काढा, केबल लावा आणि बाजूने बघा. केबलची प्लास्टिकची कड फोनला टेकली पाहिजे. अर्धा-पाऊण मिलिमीटर फट राहिली, केबल ‘टक’ न होता नुसतीच आत सरकली किंवा लावल्यावर डुगडुगली, तर आत लव आहे.

काढायची कशी: फोन बंद करा. लाकडी दातकोरणं ब्लेडने तासून चपटं करा. पोर्टच्या मधोमध एक पातळ जीभ असते, तिच्यावर सगळ्या पिन असतात. तिला हात लावायचा नाही. दातकोरणं बाहेरच्या भिंतीला चिकटवून आत न्या आणि तळातून वर उकरा. दोन्ही कोपरे, मग जिभेची दुसरी बाजू. लव गोळ्यागोळ्यांनी निघते. तोंडाने फुंकू नका, थुंकीची वाफ पिनांवर बसते. कॅमेऱ्याची लेन्स साफ करायचा रबरी फुगा उत्तम. टाचणी, सेफ्टी पिन, सिम काढायची पिन यातलं काहीच नको. जीभ वाकली किंवा एक पिन दुसरीला टेकली तर पूर्ण बोर्ड बदलावा लागतो.

एवढं करून मूळ केबल-चार्जरवरही खूण आली नाही, तर मग खालचा चार्जिंग बोर्ड, ज्याला दुकानात ‘सीसी बोर्ड’ म्हणतात, तो बघायचा. तो बदलताना एकच गोष्ट विचारा: ‘फास्ट चार्जिंगचा आयसी असलेला आहे का?’ स्वस्त बोर्डवर तो आयसी, म्हणजे ती छोटी चिपच, नसतो. फोन चार्ज होतो, पण कायम मंद. बऱ्याच फोनमध्ये माइकही याच बोर्डवर असतो, त्यामुळे हलका बोर्ड बसवला की समोरच्याला आवाज बारीक जायला लागतो आणि लोक नेटवर्कला दोष देत राहतात.

रात्रपाळी

सोल्डरगन यांनी नळाचं लिहिलंय, मी भांड्याचं लिहितो.

१८ टक्क्यांवर कॅमेरा उघडून फोन बंद पडणं हा जुन्या बॅटरीचा सगळ्यात खात्रीचा पुरावा. बॅटरी म्हातारी झाली की तिचा आतला रोध वाढतो. कॅमेरा, फ्लॅश किंवा मोठा गेम एकदम जास्त करंट ओढतो, तेवढ्या क्षणापुरतं व्होल्टेज खाली कोसळतं आणि फोनला वाटतं बॅटरी संपली. चार्जरला लावल्यावर तोच फोन पुन्हा १२-१४ टक्के दाखवतो.

आकडा हवा असेल तर ॲक्युबॅटरी नावाचं ॲप टाका. ते चार्जिंगच्या वेळी किती एमएएच आत गेले हे मोजतं आणि टक्केवारी किती वाढली त्याच्याशी भागतं. उदाहरणार्थ, २५ वरून ८५ पर्यंत, म्हणजे ६० टक्क्यांत २२५० एमएएच गेले, तर पूर्ण क्षमता ३७५०. ५००० च्या तुलनेत ७५ टक्के. एका चार्जिंगवर विश्वास ठेवू नका. किमान ६० टक्क्यांची चार-पाच लांब चार्जिंग होऊ द्या. काही ६७-८० वॉटच्या फोनमध्ये बॅटरीचे दोन सेल एकापुढे एक जोडलेले असतात. तिथे ॲप करंट निम्माच दाखवतं, म्हणून ‘क्षमता ४५ टक्के’ असं दिसलं तर घाबरण्याआधी हे तपासा.

शाओमी, रेडमी, पोको असेल तर डायलरवर *#*#६४८५#*#* टाकून एक यादी उघडते, तिच्यात एमएफ_०२ समोर सायकलची संख्या असते. काही नव्या फोनमध्ये ‘अबाउट फोन’मध्येच बॅटरी इन्फर्मेशन दिसतं. सायकल म्हणजे चार्जरला लावण्याची संख्या नव्हे. ५० टक्के दोनदा भरलं की एक सायकल. रोज एक धरली तर अडीच वर्षांत ९०० होतात. अंदाजाला एक माप देतो: युरोपीय संघात २० जून २०२५ पासून बाजारात येणाऱ्या फोनच्या बॅटरीने ८०० सायकलनंतर किमान ८० टक्के क्षमता राखावी असा नियम आहे. त्या हिशोबाने तुमची बॅटरी ७५ च्या आसपास असेल तर ती बिघडलेली नाही, झिजलेली आहे.

पण क्षमता पाव कमी झाली म्हणून संध्याकाळी १५ टक्केच उरावेत, ही घट वापराच्या मानाने मला जास्त वाटते. कुठेतरी गळती आहे. दोन रात्री खर्च करा. पहिल्या रात्री अकराला एअरप्लेन मोड लावून टक्केवारी लिहून ठेवा, सकाळी सहाला बघा (गजर वाजतो, काळजी नको). २ ते ४ टक्के घट ठीक. ८-१० गेले तर एखादं ॲप किंवा आतला एखादा भाग खातोय. दुसऱ्या रात्री एअरप्लेन मोड न लावता तेच करा. पहिली रात्र चांगली आणि दुसरी वाईट निघाली तर दोष नेटवर्कच्या बाजूला.

तिथे तुमचं रिचार्ज नसलेलं सिम मुख्य आरोपी. सेवा बंद झालेलं सिम फोनला सतत नेटवर्क शोधायला लावतं. सेटिंग्ज, सिम कार्ड, तिथे ते सिम सरळ बंद करा किंवा काढूनच टाका. मग ५जी. जिओने ५जी स्वतंत्र पद्धतीने सुरू केलं, एअरटेलने २०२२ मध्ये सुरुवात केली ती ४जीच्या आधारावर चालणाऱ्या पद्धतीने. त्या दुसऱ्या पद्धतीत फोन एकाच वेळी ४जी आणि ५जी दोन्ही धरून ठेवतो. कोणतंही सिम असो, घरात ५जीची एकच दांडी येत असेल तर फोन दिवसभर दोन्हींच्या मध्ये उड्या मारतो. ‘प्रिफर्ड नेटवर्क टाइप’ ४जी करून दोन दिवस बघा. व्हॉट्सॲप आणि यूपीआयला ४जी पुरून उरतं.

वैदर्भी

वरच्या दोघांनी तापमान सोडलं, तेवढं जोडतो. बॅटरी ४० अंशांच्या पुढे गेली की फोन स्वतःहून चार्जिंग मंद करतो आणि ४५ च्या आसपास जवळपास थांबवतो. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात दुपारी खोलीच इतकी तापलेली असते की केबल, पोर्ट, चार्जर सगळं ठीक असूनही फास्ट चार्जिंग लागत नाही. म्हणून चाचणी सकाळी करा. जाड कव्हर काढा, स्क्रीन बंद ठेवा आणि गादीवर किंवा उशीखाली न ठेवता फरशीवर ठेवा. पंख्याखाली ठेवला तर आणखी चांगलं. फ्रिजमध्ये ठेवू नका. बाहेर काढल्यावर आत दव जमतं आणि पोर्टमध्ये ओल असल्याची सूचना यायला लागते.

१०० टक्के भरलेली बॅटरी आणि उष्णता ही जोडी सगळ्यात घातक. गाडीच्या डॅशबोर्डवर मॅप लावून, उन्हात, चार्जरला लावलेला फोन ही तीच जोडी. ८० टक्क्यांवर थांबायची सोय सेटिंग्जमध्ये असेल तर उन्हाळ्यापुरती तरी चालू ठेवा.

फोल्डरवाली

अडखळण्याबद्दल. १२८ जीबीमध्ये ९ जीबी उरणं हेच कारण. फोनचं स्टोरेज भरत आलं की नवी माहिती लिहायला मोकळे ठोकळे मिळत नाहीत. आधी जुनं हलवायचं, मग पुसायचं, मग लिहायचं. प्रत्येक छोट्या कामाला ही सगळी फरफट, म्हणून कीबोर्डसुद्धा उशिरा येतो. १५ ते २० टक्के, म्हणजे तुमच्या फोनवर २०-२५ जीबी मोकळे ठेवा.

सुरुवात व्हॉट्सॲपपासून. सेटिंग्ज, स्टोरेज अँड डेटा, मॅनेज स्टोरेज. वर दोन चौकोन दिसतील: ५ एमबीपेक्षा मोठ्या फाइल आणि बरेचदा फॉरवर्ड झालेल्या. ‘बरेचदा फॉरवर्ड’वाला चौकोन बहुतेक वेळा न बघता पुसता येतो. शुभ सकाळ, सणांच्या शुभेच्छा आणि तेच ते व्हिडिओ असतात त्यात. ५ एमबीवाला मात्र बघून पुसा, घरचे फोटो-व्हिडिओ आणि शाळा-सोसायटीची पीडीएफ तिथेच असते. मग त्याच पानाच्या मागे जाऊन मीडिया ऑटो-डाउनलोडमधून व्हिडिओ काढून टाका, नाहीतर महिन्याभरात पुन्हा तेच.

एक जागा लोकांच्या लक्षात येत नाही. व्हॉट्सॲप रोज पहाटे दोनला फोनमध्येच चॅटचा बॅकअप घेतं आणि शेवटच्या काही दिवसांचे ठेवतं. फाइल मॅनेजरमध्ये अँड्रॉइड, मीडिया, व्हॉट्सॲपचं फोल्डर, त्यात डेटाबेसेस असं उघडा. ज्यांच्या नावात तारीख आहे त्या जुन्या प्रती, त्या पुसल्या तर चालतं. बिनतारखेची फाइल सगळ्यात ताजी, तिला हात लावू नका. चॅट मोठे असतील तर एकेक फाइल काहीशे एमबीची असते. शिवाय त्याच मीडिया फोल्डरमध्ये ‘सेंट’ नावाची फोल्डर असतात. तुम्ही पाठवलेल्या फोटोंची दुसरी प्रत तिथे पडून असते.

फोटो पुसले तरी जागा लगेच सुटत नाही. गॅलरीच्या ट्रॅशमध्ये ते सहसा ३० दिवस राहतात, गूगल फोटोजमध्ये बॅकअप झालेले असतील तर ६० दिवस. ट्रॅश रिकामा करा.

रॅम वाढवायची सोय (मेमरी एक्स्टेन्शन, रॅम प्लस, नावं वेगवेगळी) बंद करा. ती स्टोरेजमधलेच काही जीबी घेऊन रॅमसारखे वापरते, आणि स्टोरेज आधीच दमलेलं आहे. ‘क्लीनर’, ‘बूस्टर’ ॲप काढून टाका. ती मागे चालू असलेली ॲप मारतात, ती पुन्हा शून्यापासून उघडतात, वेळ आणि बॅटरी दोन्ही जातात.

सगळं झाल्यावर एकदा रीस्टार्ट आणि एक रात्र फोन चार्जरला लावून न वापरता ठेवा. पुसलेल्या जागेची आतली साफसफाई अँड्रॉइड सहसा अशाच निवांत वेळी करतं. पुसल्या पुसल्या फोन पळायला लागला नाही म्हणून निराश होऊ नका.

निळीशाई

सगळं करून बघितलं, आकडे देतो.

पोर्टमधून मसुराच्या डाळीएवढा लवेचा गोळा निघाला. त्यानंतरही नव्या केबलवर खूण नाही, मूळ केबलवर लगेच आली. २० ते ८० टक्के आता अर्ध्या तासात.

एअरप्लेन मोडमध्ये सात तासांत ३ टक्के. नेटवर्कसह ११. बंद सिम काढून आणि ४जी लावून ५.

पाच चार्जिंगनंतर क्षमता ३७५० ते ३८०० दाखवतंय. स्टोरेज ३१ जीबी मोकळं, कीबोर्ड आणि पिनचा चौकोन पटकन येतात.

संध्याकाळी सहाला आता ३० टक्क्यांच्या आसपास उरतात, पण २० च्या खाली कॅमेरा उघडला की बंद पडणं तसंच आहे. म्हणजे बॅटरी बदलायचीच. देताना काय काळजी घ्यायची?

सोल्डरगन

हो, आता बदला. बाकी फोन चांगला आहे, स्क्रीनला तडा नाही. मूळ बॅटरी मजुरीसह साधारण हजार ते अडीच हजारांत होते, नव्या फोनच्या किमतीपुढे ती कितीतरी कमी. त्याआधी ‘अबाउट फोन’मध्ये सिक्युरिटी पॅचची तारीख बघा. वर्षभरात एकही अपडेट आलेलं नसेल तर फोन आणखी दीड-दोन वर्षांपेक्षा जास्त ताणू नका, कारण त्यावर यूपीआय चालतं.

पहिली पसंती अधिकृत सेवा केंद्राला. तिथे बॅटरी शिल्लक आहे का हे आधी फोन करून विचारा. बाहेरच्या दुकानात करायची तर बसवण्याआधी बॅटरी हातात घ्या. लेबलवर दोन आकडे असतात, किमान क्षमता आणि सरासरी क्षमता, उदाहरणार्थ ४९०० आणि ५०००. त्याच मापाच्या बॅटरीवर ६००० छापलं असेल तर तो आकडा खोटा, घेऊ नका. उत्पादनाची तारीख बघा. दोन-तीन वर्षं खणात पडलेली बॅटरी न वापरताच झिजलेली असते. आणि फास्ट चार्जिंगची खूण दुकानातच, तुमच्या मूळ चार्जरवर आलेली बघा. काही नकली बॅटऱ्यांच्या जोडणीच्या पट्टीवर ओळख पटवणारी चिप नसते आणि फोन त्यांना फास्ट चार्ज करत नाही.

उघडताना तीन ठिकाणी चुका होतात. बॅक कव्हर गोंदाने चिकटवलेलं असतं, ते ७०-८० अंशांपर्यंत गरम करून सैल करावं लागतं. घाई केली तर काठ तुटतो. फिंगरप्रिंट बाजूच्या बटणात असेल तर त्याची पातळ पट्टी फ्रेमजवळून जाते आणि पातं जास्त खोल गेलं की तुटते, म्हणून काम झाल्यावर फिंगरप्रिंट तिथेच तपासा. तिसरी चूक सगळ्यात धोक्याची: बॅटरी धातूच्या पट्टीने उचकटणं. सेलला भोक पडलं की धूर आणि आग. बॅटरीखाली ओढायची पट्टी असते, तिने निघत नसेल तर कडेने आयसोप्रोपिल अल्कोहोलचे थेंब सोडून गोंद विरघळवायचा आणि प्लास्टिकच्या कार्डाने काढायची. दुकानदार स्क्रू-ड्रायव्हरने सुरुवात करताना दिसला तर फोन परत घ्या.

नवा गोंद सुकायला काही तास लागतात. कव्हर क्लिपांनी किंवा रबर बँडांनी दाबून ठेवतील, रात्रभर तसंच राहू द्या. पाण्या-धुळीपासूनचं मूळ संरक्षण यानंतर धरून चालू नका. पावसाळ्यात फोन पिशवीत ठेवायचा.

फोल्डरवाली

बॅटरी बदलल्याने डेटा जात नाही, तरी बॅकअप घ्या. व्हॉट्सॲपचा बॅकअप आता गूगलच्या १५ जीबीतच मोजला जातो, जागा आहे का बघा. सिम आणि मेमरी कार्ड काढून ठेवा. पॅटर्न किंवा पिन सांगायची गरज नाही. चार्जिंग लॉक स्क्रीनवरच कळतं, फिंगरप्रिंट तुम्ही समोर उभं राहून तपासता. फोन ठेवून यायचा असेल तर मेंटेनन्स किंवा रिपेअर मोड आहे का ते शोधा (सॅमसंगच्या बऱ्याच फोनमध्ये आणि पिक्सेलमध्ये आहे). तो चालू असताना फोन चालतो, पण फोटो, चॅट, खाती दिसत नाहीत. सेवा केंद्राने रीसेट करायला सांगितलं तर गूगल खात्याचा पासवर्ड आठवतोय याची आधी खात्री करा, नाहीतर रीसेटनंतर फोन उघडणार नाही. यूपीआय ॲप पुन्हा नोंदवताना सिमवरून एक एसएमएस जातो, त्यामुळे सिममध्ये तेवढं बॅलन्स हवं.

रात्रपाळी

नवी बॅटरी बसल्यावर पहिले दोन-तीन दिवस टक्केवारी थोडी उलटसुलट दाखवेल. एकदा ५ टक्क्यांपर्यंत उतरू द्या आणि न काढता १०० पर्यंत भरा, मोजणी जागेवर येते. ॲक्युबॅटरीतला जुना डेटा पुसून पुन्हा पाच चार्जिंग मोजा. ५००० च्या बॅटरीवर ४७०० च्या वर आकडा आला तर माल चांगला आहे. ४२०० च्या खाली आला तर बिल घेऊन आठवड्याच्या आत दुकानात जा. जुनी बॅटरी घरच्या कचऱ्यात टाकू नका. ती दुकानातच ठेवा किंवा ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या, जोडणीच्या पट्टीच्या टोकांना चिकटपट्टी लावून.

बॅक कव्हर नंतर कधी फुगलेलं दिसलं, टेबलावर ठेवल्यावर फोन गरगर फिरायला लागला, तर चार्ज करायचं थांबवा आणि दाबून बसवायचा प्रयत्न करू नका. फोन बंद करून त्याच दिवशी घेऊन जा.